शपथेच्या सालची डाली

शपथ मीच घ्यायला लावली आणि ती मोडणारा पहिला माणूसही मीच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून आठ-दहा वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. अमरावतीच्या कोर्टात आम्ही सात वकील जरा नाव राखून होतो. नाताळ जवळ आला की या सातही घरांत लगीनघाई सुरू व्हायची. आमच्यापैकी एकाचाही येशूशी संबंध नव्हता. संबंध होता तो कॅम्पातल्या मोठ्या साहेबाशी, म्हणजे गोऱ्या कमिशनरशी. पंचवीस डिसेंबरला सकाळी साहेबाच्या बंगल्यावर डाली पाठवायची, असा रिवाज होता. डाली म्हणजे सजवलेली टोपली, वर पाठवणाऱ्याच्या नावाचं कार्ड. म्हातारे वकील सांगत की पूर्वी तिच्यात चार संत्री, दोन फुलकोबी आणि झेंडूची माळ असायची, आणि साहेब खूश व्हायचा. मग कुणीतरी संत्र्यांवर बदाम पसरले. पुढच्या वर्षी दुसऱ्यानं बदामांवर पिस्ते पसरले. तिसऱ्यानं मुंबईहून बिस्किटांचा डबा मागवला. बाजारातला दुकानदार डिसेंबर लागला की रेशमी फिती टांगून बसायचा आणि आमच्यापैकी कुणी रस्त्यानं दिसला की नुसतं म्हणायचा, "वकीलसाहेब, मोरोपंतांनी ही जांभळी नेली." एवढं पुरायचं. माणूस दोन जांभळ्या घेऊन घरी जायचा.

मोरोपंत आमच्यात वयानं आणि पोटानं मोठे. दोन वेळा संध्या करणारे, अंड्याचं नाव निघालं तरी चूळ भरणारे. त्यांनी एका वर्षी नागपूरहून आगगाडीनं केक आणवला. त्याला हात कुणी लावायचा यावरून घरात दुपारभर वाद झाला आणि शेवटी तो चुलीतल्या चिमट्यानं उचलून डालीत ठेवला. तेव्हापासून दरवर्षी केक आणि दरवर्षी चिमटा.

आमच्या घरी फितीची गाठ विमल मारायची. विमल म्हणजे माझी बायको. गाठ सुरेख मारायची, पण मारता मारता बोलायची. "ज्याला बघून तुमचे पाय लटपटतात त्याला तुम्ही भेट देता. ही कसली भेट? हा तर नैवेद्य झाला. आणि देव निदान नैवेद्य परत तरी देतो."

अकरा वर्षांच्या संसारात तिनं माझ्या एकाही कामाला 'वा' म्हटलं नव्हतं. खटला जिंकून आलो तरी "जोडे बाहेर काढा" एवढंच.

त्या वर्षी जानेवारीत सरकारी वकिलाची जागा रिकामी होणार होती आणि ती कुणाला द्यायची हे मोठा साहेब ठरवणार होता. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की कोर्टाच्या वाटेवर मी मनातल्या मनात सरकारी वकिलासारखा चालून बघायचो. पण मोरोपंतांच्या केकापुढे माझी डाली म्हणजे भाजीवालीच्या दुरडीसारखी दिसायची. तेव्हा एका सकाळी दाढी करताना मला युक्ती सुचली. सगळ्यांच्या डाल्या बंद पडल्या आणि फक्त माझी एकच बंगल्यावर गेली, तर साहेबाला कुणाचं नाव लक्षात राहील?

डिसेंबरच्या मध्याला वकिलांच्या खोलीत मी उभा राहिलो आणि भाषण केलं. काय भाषण! आपण शिकलेसवरलेले लोक, आपण कुणाच्या दारी टोपल्या का वाहाव्यात? आपल्या सणाला आपण आपल्याच माणसांना हातभर फीत घेत नाही आणि परक्याच्या सणाला बाजार लुटून आणतो. माझं मलाच भरून आलं. मला वाटलं होतं की थोडी ओढाताण करावी लागेल, पण मोरोपंत चटकन उठले आणि म्हणाले, "चिंतामणराव, माझ्या मनातलं बोललात. आणा कागद." भगवंतराव तर इतके घाईघाईनं पुढे आले की दौत सांडली. मी तिथेच मोडीत मजकूर लिहिला: आम्ही खाली सही करणार अंबादेवीला स्मरून शपथ घेतो की यंदापासून नाताळात कोणाही साहेबास डाली पाठवणार नाही, पाठवू देणार नाही. सातही सह्या झाल्या. सहांनी इतक्या आनंदानं सह्या का केल्या, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. मी माझ्या युक्तीवर इतका खूश होतो की पडला नाही.

कागद मी घरी आणला आणि विमलला वाचून दाखवला. ती ओट्याशी होती. तिनं हात पुसले, कागद हातात घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "वा."

मी ऐकलं ते खरं का, म्हणून पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली. मग तिनं तो कागद देवघरात अन्नपूर्णेशेजारी ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं, आणि दरवर्षीची डालीची टोपली माळ्यावरून काढून तिच्यात लसूण भरून ठेवला. त्या दिवशी पुरण झालं. शेजारणींना तिनं सांगितलं, "आमच्याकडे नाही हो आता असलं काही. ह्यांनी बंद केलं." ते 'ह्यांनी' मी आतल्या खोलीत बसून ऐकत होतो. मला लाज वाटली हे खरं आहे. पण जागाही हवी होती, हेही तितकंच खरं आहे.

दोन दिवसांनी, सगळे जेवून लवंडलेले असतात अशा वेळी, मी बडनेऱ्याच्या वाटेवर पार्बताबाईच्या मळ्यात गेलो. पार्बताबाई माळीण. पाच-सहा बिघ्यांचा मळा एकटीच्या हिमतीवर चालवायची. शहरातल्या बहुतेक डाल्यांत संत्री-फुलकोबी तिच्याच मळ्याची असायची, त्या बंगल्यावर पोचवायचीही तीच, आणि रोज सकाळी आमच्या दारात भाजी घेऊन यायची तीही तीच. मला बघून तिनं विळा खाली ठेवला.

"या जी वकीलसाहेब. तुमी तं शपथ घेतली म्हने?"

"हळू बोल, पार्बताबाई."

"इथं कोन हाय ऐकाले? कोबी हाय."

मी इकडेतिकडे बघून सांगितलं की एक डाली हवी, चांगली हवी, मागच्या फाटकानं न्यायची आणि कार्ड वर न लावता आत संत्र्यांखाली ठेवायचं. आणि घरी एक शब्द बोलायचा नाही. पार्बताबाईनं पदर तोंडाला लावला. तिला खोकला आला असावा असं मला वाटलं. तेवढ्यात तिच्या झोपडीच्या कुडाला टेकवलेली चांदीच्या मुठीची काठी माझ्या नजरेस पडली. ती काठी अख्ख्या कोर्टाला ठाऊक होती.

"ही मोरोपंतांची काठी इथे कशी?"

"माकडं हाकलाले देल्ली त्याईनं," पार्बताबाई म्हणाली.

मला ते पटलं. मी चाळीस वर्षांचा, सनद असलेला वकील, साक्षीदारांची उलटतपासणी घेऊन पोट भरणारा माणूस, आणि मला ते पटलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत घरात काहीतरी बिघडलं. विमल बोलायची, पण कामापुरतं. वरणात मीठ नसायचं. मी मागितलं तर वाटी समोर सरकवायची आणि म्हणायची, "तुम्हाला लागेल तेवढं घ्या." मी समजलो की थंडीनं तिचे हात दुखत असतील.

नाताळच्या सकाळी मला घरात बसवेना. डाली वेळेवर पोचते की नाही, कुणी बघतं की काय, या काळजीनं मी फिरायला म्हणून निघालो आणि साहेबाच्या बंगल्यासमोरच्या कडुनिंबामागे जाऊन उभा राहिलो. उभा राहतो तो पलीकडच्या झाडामागे भगवंतराव. कानाला मफलर, नाकापर्यंत.

"चिंतामणराव, तुम्ही इकडे कुठे?"

"दातांसाठी काडी तोडायला आलो. तुम्ही?"

"मीपण काडीच."

आम्ही दोघांनी एकेक काडी तोडली आणि चावत उभे राहिलो. चिंचेमागून खोकल्याचा आवाज आला. खोकला मोरोपंतांचा होता. आता बारकाईनं बघितलं तेव्हा त्या रांगेतल्या प्रत्येक झाडामागे एकेक पगडी होती. शपथेवर सही करणारे सातही जण हजर होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

तेवढ्यात पार्बताबाई आली. डोक्यावर एकच टोपली होती. मागच्या फाटकानं आत गेली आणि थोड्या वेळानं टोपलीसकट बाहेर आली. फाटकाबाहेर बसून तिनं कमरेच्या पिशवीतून काहीतरी काढलं, संत्र्यांखाली खुपसलं, आणि तीच टोपली घेऊन पुन्हा आत गेली. पुन्हा बाहेर. पुन्हा पिशवी. पुन्हा आत. मी मोजत होतो आणि माझ्या ओठांबरोबर भगवंतरावांचे ओठही हलत होते. सात फेऱ्या झाल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मोरोपंतांच्या काठीचं माकडांशी काही देणंघेणं नव्हतं हे मला कळलं.

आम्ही तिथून निसटणार एवढ्यात बंगल्यातून पट्टेवाला धावत आला. "साहेबानं सलाम सांगितला आहे. झाडामागच्या सगळ्या वकीलसाहेबांना."

साहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसला होता. उंच, तांबूस, डोळे हसरे. पायरीशी पार्बताबाई टोपली घेऊन उभी होती. टेबलावर साहेबासमोर कार्डांचा छोटा गठ्ठा होता आणि गठ्ठ्याशेजारी एक घडी घातलेला कागद. तो कागद मी दुरूनच ओळखला.

"ये छे टोकरी में कार्ड निकला," साहेब आपल्या हिंदुस्तानीत म्हणाला. "सातवी टोकरी में कार्ड नहीं, ये कागज निकला. हम मराठी पढ़ता है, मगर ये मोडी नहीं समझता. कौन पढ़ेगा?"

सहाही जणांनी माझ्याकडे बघितलं. अक्षर माझं होतं, पळून जाणार कुठे? मी कागद उघडला. मोरोपंत मागून माझ्या पाठीला खेटले आणि ओठ न हलवता पुटपुटले, "शुभेच्छा म्हणा. नाताळच्या शुभेच्छा. याला काय कळतंय!"

सोपं होतं. आम्हा सातांशिवाय तिथे मोडी वाचणारं कुणी नव्हतं आणि सातांपैकी कुणी तोंड उघडणार नव्हतं. मी घसा साफ केला. आणि मला कागदाच्या कोपऱ्यावर कुंकू दिसलं. एक बोट नव्हे, रोजचं एकेक, असे कितीतरी ठिपके. शेवटचे ठिपके ताजे होते. म्हणजे मी मळ्यात जाऊन आलो हे कळल्यावरही तिनं रोज कुंकू लावणं थांबवलं नव्हतं. वरणातलं मीठ कुठे गेलं होतं ते मला त्या क्षणी उमगलं. मला इतकं वाईट वाटलं, की त्या व्हरांड्यातच खाली बसावं आणि रडावं.

मी कागद आहे तसा वाचला. शपथ वाचली, अंबादेवी वाचली, मग नावं वाचायला लागलो. मी 'मोरोपंत' म्हटलं की साहेब गठ्ठ्यातून मोरोपंतांचं कार्ड काढून टेबलावर ठेवायचा. 'भगवंतराव' म्हटलं की भगवंतरावांचं. पत्त्यांच्या डावासारखी सहा कार्डं समोर पडली. साहेबाच्या मिशा थरथरत होत्या.

"और सातवां नाम?"

"चिंतामण. ते मीच."

साहेबानं टेबलावर शोधलं. कार्ड नव्हतं. तो खुर्चीतून उठला, पुढे आला आणि त्यानं माझा हात हातात घेतला. "छे आदमी ने कसम तोड़ा. एक ने नहीं तोड़ा, और हिम्मत से कागज भेजा. मिस्टर चिंतामण, जनवरी में हम आप को याद करेगा."

एवढं बोलून तो माझा हात हलवत राहिला. माझ्या उभ्या जन्मात एवढी मोठी गोष्ट इतकी सहज कधी माझ्याकडे चालून आली नव्हती. नुसतं गप्प राहायचं होतं. मी पार्बताबाईकडे बघितलं. तिच्या तोंडाला पदर होता, पण डोळे माझ्यावर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाजीची दुरडी घेऊन आमच्या दारात असणार होती.

पण खरं सांगतो, तिच्या भीतीनं मी बोललो नाही. त्या कुंकवामुळे बोललो.

"साहेब, सातवी डाली माझीच. मीही पाठवली होती. कार्ड माझ्या बायकोनं काढून घेतलं आणि हा कागद तिनं ठेवला."

साहेबानं माझा हात सोडला. आणि तो असा हसला की पट्टेवाल्याला वाटलं त्याला उबळ आली, तो पाणी घेऊन धावला. डोळे पुसत साहेबानं शपथेचा कागद घडी घालून मला परत दिला. "मेमसाहेब को हमारा सलाम बोलो," म्हणाला. "ये कागज उन का है." जानेवारीचं पुन्हा काही बोलला नाही.

फाटकाबाहेर आम्ही सातही जणांनी पार्बताबाईला गराडा घातला. एकच टोपली सात वेळा, हा काय प्रकार आहे?

"त्यात का हाय?" ती म्हणाली. "साहेबाले संत्रं सोसत नाई. थो कार्ड ठेवून घेते अन् टोपली वापस देते. तीन नाताळ झाले, मी एकच टोपली फिरवून राहिली."

"आणि बाकीच्या सहा?"

"भरते तं सात. सहा अंबादेवीच्या पायरीवर वाटते, तुमच्याच नावानं. कायले कोनाचं पुन्न बुडवू?"

मोरोपंतांनी क्षीण आवाजात विचारलं, "आणि केक?"

"थो मी खाल्ला. देवीच्या पायरीवर अंडं कसं नेऊ जी?" मग टोपली डोक्यावर घेता घेता ती म्हणाली, "पन एक सांगते वकीलसाहेब, दर साली शपथ घेत जा. आंधी चार-पाचच जन येत होते. यंदा सातच्या साती आले."

ती जागा पुढे अकोल्याच्या एका वकिलाला मिळाली, ज्यानं ना शपथ घेतली होती ना डाली पाठवली होती. पण घरी जाताना मला जागेची फिकीर नव्हती. दारातून आत गेल्यावर विमलच्या तोंडाकडे कसं बघायचं, याची होती.

ती माजघरात लसूण सोलत बसली होती. समोर ती डालीची टोपली. वर न बघता म्हणाली, "जोडे बाहेर काढा."

मी काढले. तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. झाडं सांगितली, फेऱ्या सांगितल्या, कार्डं सांगितली. साहेबानं माझा हात धरला इथवर आलो तेव्हा तिचे हात थांबले.

"मग?"

"मग मी सांगून टाकलं. माझीही होती म्हणून."

"सांगून टाकलंत?" तिनं लसणाची पाकळी टोपलीत आपटली. "अहो, मी पार्बताबाईकडून कार्ड काढून घेतलं होतं ना! गप्प बसला असतात तर जागा मिळाली असती!"

"मग तो कागद कशाला ठेवलास?"

"रागानं. पार्बताबाईनं सांगितलं तेव्हा मला वाटलं, सगळ्या गावासमोर तुमची फजिती व्हावी."

"आणि कार्ड कशाला काढलंस?"

तिनं पुन्हा लसूण हातात घेतला. दोन पाकळ्या सोलून झाल्या.

"त्या कार्डावर तुमचं नाव होतं. या गावात मलाही त्याच नावानं ओळखतात."

आजवर मी ते नाव एकट्याचं समजून पाट्यांवर रंगवत आलो होतो, कार्डांवर छापत आलो होतो, टोपल्यांत खुपसत आलो होतो. मी खिशातून शपथेचा कागद काढला, देवघरात गेलो आणि अन्नपूर्णेशेजारी होता तिथे ठेवला. साहेबाचा सलामही सांगितला. "बरं," म्हणाली. मग लसणात हात घालून तिनं तळातून माझं कार्ड काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं. त्याला लसणाचा वास येत होता. पुढे कित्येक वर्षं ते माझ्या पाकिटात होतं आणि पाकिटालाही तो वास होता.

दुपारी पानं घेतली. मी भात कालवला आणि भीत भीत पहिला घास घेतला. वरणात मीठ होतं, अगदी हवं तेवढं.

"वा," मी म्हणालो.

"जेवा आता गुपचूप," विमल म्हणाली आणि पानात आणखी वरण वाढलं.